आखूड शब्द आणि भरवशाचा वाचक

इंग्रजीच्या वरच्या वर्गात जुनी कविता निघाली की मुलांची पहिली तक्रार ठरलेली असते. ‘इट इज’चे ‘टिस’ कसे झाले? ‘ओव्हर’मधला ‘व्ह’ कोणी पळवला? ‘नेव्हर’चे ‘नेअर’ करण्याची परवानगी कवीला कोणी दिली? अक्षरांच्या मध्येच, वरच्या अंगाला टांगलेला तो स्वल्पविराम त्यांना खरचटल्याच्या खुणेसारखा दिसतो. शिक्षक ‘कवीला सूट असते’ एवढे सांगून पुढल्या ओळीकडे वळतात, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो. तीच मुले मराठीच्या तासाला ‘नुरे’, ‘नलगे’, ‘परि’ अशा शब्दांपाशी अडखळतात. आणि घरातल्या जुन्या कागदावर ‘कि॥’, ‘ता॥’, ‘सा. न. वि. वि.’ असे काही दिसले तर तो कागद आपल्यासाठी नाहीच असे समजून बाजूला ठेवतात.

या तिन्ही गोष्टींकडे एकत्र पाहावे असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. आपल्याकडे संतकाव्याचे अभ्यासक ‘नुरे’बद्दल बोलतात, छंदाचे जाणकार ‘परि’बद्दल बोलतात, मोडीचे वाचक ‘ता॥’बद्दल बोलतात, आणि एकमेकांच्या अंगणात सहसा कोणी डोकावत नाही. वास्तविक प्रश्न एकच आहे. शब्द आखूड करणारा लेखक मनाशी एक हिशेब करीत असतो, की उरलेला भाग वाचक आपल्या पदरचा घालील. हा हिशेब त्याने कोणाच्या भरवशावर केला होता, आणि तो भरवशाचा माणूस आज कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय जुन्या लेखनाची समीक्षा पुरी होत नाही, असे माझे मत आहे.

आधी जिभेने आखूड केलेले शब्द घेऊ. आपल्या संतकाव्यात ‘न’ हा एकाक्षरी शब्द पुढच्या क्रियापदाला असा काही चिकटतो की दोघांमधली फट दिसेनाशी होते. न आणि उरे मिळून नुरे, न आणि उमगे मिळून नुमगे, न आणि उठे मिळून नुठे, न आणि ऐके मिळून नायके, न आणि ओळखे मिळून नोळखे. ‘जाणता’ या शब्दासमोरचा ‘नेणता’ही याच घराण्यातला. आज आपण सर्रास वापरतो ते ‘नाही’, ‘नव्हे’, ‘नये’ आणि ‘नसे’ हेसुद्धा असेच जुळलेले शब्द आहेत. सवयीने आपल्याला त्यांचा सांधा दिसत नाही एवढेच. म्हणजे ‘नुरे’ विचित्र आणि ‘नाही’ सरळ, असे काही नाही. एकाची वर्दळ राहिली, दुसऱ्याची थांबली.

इंग्रजीत नेमके हेच घडले होते, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. जुन्या इंग्रजीत ‘ने’ हा नकार क्रियापदाच्या आधी येई आणि त्याला चिकटे. ‘ने इज’चे ‘निस’, ‘ने वोल्डे’चे ‘नोल्डे’, ‘ने विल’चे ‘निल’. ‘नन’ म्हणजे ‘ने’ आणि ‘वन’. ‘नेव्हर’ म्हणजे ‘ने’ आणि ‘एव्हर’. यांतले ‘निल’ केव्हाच मेले, पण ‘विली-निली’ या जोडशब्दात त्याचे हाडूक अडकून राहिले आहे: इच्छा असो वा नसो. आपल्या ‘नेणता’सारखेच. आमच्या वर्गात मी हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो, एका बाजूला नुरे, नुठे, नुमगे. दुसऱ्या बाजूला नन, नेव्हर, निल. मग कोणी तेलुगू मित्रांत वाढलेला मुलगा उठून सांगतो, की सर, तेलुगूत तर नकाराला वेगळा शब्दही लागत नाही. ‘चेयनु’ म्हटले की ‘मी करणार नाही’ हे सगळे त्यात आले. आणि तेलुगू व्याकरणात रामुडु अधिक अतडु बरोबर रामुडतडु हा उकारसंधीचा नमुना त्याने पाठ केलेला असतो. तेथे गळालेल्या ‘उ’साठी कोणी टिंब वा स्वल्पविराम देत नाही. तो गळला हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

दुभाषी मुलखात राहण्याचा हा फायदा आपण पुरेसा घेत नाही. गौलीगुड्यातून निघून इसामिया बाजारापर्यंत पायी गेलो तर तीन भाषांच्या आखूड शब्दांचे प्रदर्शनच कानांवर पडते. इथली दखनी ‘आ रहा’चे ‘आरा’ करते, ‘जा रहा’चे ‘जारा’ करते. उत्तरेकडचा पाहुणा हसतो. पण मराठी माणसाने हसू नये, कारण ‘जातो आहे’चे ‘जातोय’ आपण त्याच न्यायाने केले आहे. आणि दखनीतला तो प्रसिद्ध ‘नक्को’ तर आपल्याच ‘नको’ने घातलेला अंगरखा आहे. गौलीगुड्याच्या जुन्या बसस्टँडची ती प्रचंड लोखंडी कमान २०१८ मध्ये कोसळली, तरी जुने लोक अजून ‘सीबीएस’ म्हणतात आणि नवे लोक पलीकडच्या स्थानकाला ‘एमजीबीएस’. या अक्षरांचा विस्तार विचारला तर निम्मे प्रवासी गप्प बसतील. बस मात्र चुकणार नाहीत. आखूड रूप आपल्या पायांवर उभे राहिले की मूळ शब्दाची त्याला गरज उरत नाही.

हे भाषेचे बिघडणे आहे असे म्हणणारे सर्व काळात असतात. इंग्रजीत जोनाथन स्विफ्टसारख्या खंद्या लेखकाने १७१० साली ‘टॅटलर’ या नियतकालिकात आखूड शब्दांवर कडक टीका केली होती. ‘मॉब’ हा शब्द त्याला विशेष खुपत असे, कारण तो ‘मोबिले वुल्गुस’ या लॅटिन जोडीचे शेपूट तोडून केलेला होता. स्विफ्टच्या गद्याचा मी चाहता आहे. पण या बाबतीत काळाने त्याचे ऐकले नाही. त्याने हिणवलेल्या शब्दांपैकी काही विरून गेले आणि ‘मॉब’ राहिला, इतका की त्याच्याशिवाय आज इंग्रजी वर्तमानपत्र निघणार नाही. स्विफ्टची चूक कुठे झाली? त्याने शब्दाचे शेपूट पाहिले, शब्दाला पडलेले काम पाहिले नाही. आपल्याकडे ‘जातोय’, ‘करतोय’ छापील गद्यात आल्यावर नाके मुरडणाऱ्या मंडळींचेही तेच झाले.

दुसरा प्रकार वृत्तासाठी आखूड केलेल्या शब्दांचा. येथे माझे मत थोडे वेगळे आहे. इंग्रजी कवी ‘ओव्हर’ची दोन अवयवे एकात दाबतो, कारण ओळीतले ठोके मोजलेले असतात. आपला पंडित कवी ‘परी’चे ‘परि’, ‘तरी’चे ‘तरि’, ‘जरी’चे ‘जरि’ करतो, कारण ‘परी’च्या तीन मात्रा होतात आणि त्याच्यापाशी दोनच शिल्लक असतात. उलट मात्रा जास्त हव्या असल्या तर तो ‘त्याला’ऐवजी जुने ‘तयाला’ काढतो. चाराच्या पाच होतात. ‘मज’ आणि ‘मजला’, ‘तुज’ आणि ‘तुजला’, ‘करून’ आणि ‘करोनि’ ही सारी त्याच्या फडताळातली मापे आहेत. मोरोपंत (१७२९–१७९४) या मापांचे सर्वांत मोठे व्यापारी. आर्येतल्या मात्रांचा हिशेब, किंवा ‘केकावली’त सतरा अक्षरांच्या पृथ्वी वृत्तातले लघुगुरूंचे ठरलेले घर, यांत शब्द बसविताना त्यांनी मराठी शब्दांची लांबी जितकी ताणली आणि दाबली तितकी क्वचितच कोणी केली असेल.

मोरोपंतांवर कृत्रिमतेचा आरोप जुनाच आहे. तो अगदीच खोटा नाही. अभंगातला ‘नुरे’ आणि आर्येतला ‘परि’ शेजारी ठेवून पाहावे. ‘नुरे’ बोलणाऱ्याच्या श्वासातून आला आहे. तो तसा रस्त्यावरही म्हटला जात असणार. ‘परि’ मात्र कागदावर बोटे मोजून आला आहे. वाचताना हा फरक जाणवतोच, आणि आर्यांचे लागोपाठ पान वाचले तर बोटे मोजल्याचा आवाज ऐकू येतो. परंतु टीकाकार एक गोष्ट विसरतात. मोरोपंतांच्या आर्या मुक्याने वाचायच्या नव्हत्याच. त्या कीर्तनकाराच्या तोंडी जायच्या होत्या. बुवा आर्या म्हणे, मग तिचा प्रत्येक दाबलेला शब्द सुटा करून, उदाहरण देऊन, श्रोत्यांच्या ओंजळीत घाली. कवीने आखडते घेतले ते कीर्तनकार सढळ हाताने देणार, या भरवशावर. आज तो मधला माणूस गेला. पाठ्यपुस्तकात आर्या एकटी उभी आहे, आणि तिच्याखाली शब्दार्थांची यादी. मोरोपंत दुर्बोध झाले असतील तर त्यातला अर्धा दोष त्यांचा नाही.

शब्दार्थांच्या या याद्यांबद्दल, आणि विशेषतः बाजारी मार्गदर्शकांबद्दल, मला राग आहे. ‘नुरे: उरत नाही’ असे छापले की काम झाले असे त्यांना वाटते. मुलगा ते पाठ करतो आणि पुढच्या पानावर ‘नुठे’ आला की पुन्हा बुडतो. ‘न अधिक उरे’ एवढे सांगितले असते तर त्याने ‘नुठे’, ‘नुमगे’, ‘नायके’ स्वतः सोडविले असते. शब्दाचा अर्थ सांगणे आणि त्याचा सांधा दाखविणे यांत हा फरक आहे, आणि समीक्षेने दुसरे करावे.

आता तिसरा आणि आपल्या घराघराशी संबंध असलेला प्रकार: लेखणीने आखूड केलेले शब्द.

मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. शब्दांत जागा सोडायची नाही, बोरू शक्य तो उचलायचा नाही, ऱ्हस्वदीर्घाची फारशी फिकीर नाही. अशा लेखनात जे शब्द पुन्हा पुन्हा येत त्यांचे पहिले अक्षर लिहून पुढे दोन दंड देण्याची रीत पडली. कि॥ म्हणजे किल्ले, प॥ म्हणजे परगणे, मा॥ म्हणजे मशारनिल्हे, इ॥ म्हणजे इस्तकबिल, ‘पासून’; ता॥ म्हणजे तागाईत, ‘पर्यंत’. पण ता॥ म्हणजे तर्फही असू शकते, आणि मा॥ म्हणजे मजकूरही. कोणते घ्यायचे ते आजूबाजूच्या मजकुरावरून. एवढ्याने भागत नाही. तेच दोन दंड ओवीच्या शेवटी आले तर ओवी संपली, आणि आकड्याच्या पुढे आले तर अर्धा: ५॥ म्हणजे साडेपाच. एका चिन्हाला तीन कामे. लिहिणाऱ्याला यात काही अडचण वाटत नव्हती, कारण वाचणाराही त्याच कचेरीत, त्याच तालमीत वाढलेला होता.

इंग्रजीतही या तऱ्हेचे एक मजेदार प्रकरण आहे. लॅटिनमधील ‘विदेलिसेत’ हा शब्द जुने लेखनिक पहिली दोन अक्षरे काढून पुढे संक्षेपाचे एक वेटोळे देऊन लिहीत. ते वेटोळे छापखान्यात ‘झेड’सारखे दिसले, म्हणून ‘झेड’च बसविले गेले, आणि आज सारे जग ‘व्हिझ’ असे लिहिते. आपल्या दोन दंडांना कोणी ‘अकरा’ वाचावे तसा हा प्रकार. ‘द’ या साध्या शब्दाचेही असेच झाले. त्याच्या आरंभी पूर्वी ‘थॉर्न’ नावाचे अक्षर असे. ते छापखान्यात नव्हते, म्हणून त्याच्याशी मिळतेजुळते ‘वाय’ वापरले, आणि आता हौशी दुकानांच्या पाट्यांवर लोक ‘यी ओल्ड’ असे वाचतात. असा उच्चार कोणत्याही काळात कोणी केला नव्हता. भरवशाचा वाचक गेला की आखूड रूपातून भलताच शब्द जन्माला येतो, याचे हे उत्तम उदाहरण.

हैदराबादेतल्या मराठी माणसाला मोडी कागद परके वाटू नयेत याला कारणे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारातून पुण्याला पत्रे पाठवीत. त्यांचे १७९३ मधले एक पत्र मराठी इतिहासाच्या वाचकांत फार गाजलेले आहे. ती ज्यांना जात ते नाना फडणीस. आणि हा ‘फडणीस’ शब्दही मूळच्या फडनवीसाचे आखूड रूप. चिटनवीसाचा चिटणीस, फारसीनवीसाचा पारसनीस, वाकेनवीसाचा वाकनीस अशी ही सारी आडनावे जिभेवर झिजून गुळगुळीत झाली आहेत. तिथीवार लिहिताना हे कारकून ‘छ’ असे एकच अक्षर काढीत. ‘छ’ म्हणजे चंद्र, आणि त्यापुढचा आकडा म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस. महिन्यांची नावेही रबिलावल, जमादिलाखर अशी मराठी तोंडाला मानवतील इतकी घोटलेली.

मात्र साल लिहिताना हीच मंडळी एकदम सढळ होत. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ ची. तिचे सुहूर सन ११९५; ते ‘खमस तिसैन मया व अलफ’ असे अरबी संख्याशब्दांत लिहिले जाई: पाच, नव्वद, शंभर आणि हजार. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन हाती येतो, कारण हे साल मृग नक्षत्राला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदले. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना हे आकडे चटकन उलगडत. पुण्याच्या पदवीधराला त्यासाठी कोष्टक उघडावे लागते. जे शब्द चुकले तरी चालेल ते एका अक्षरात आणि जेथे खाडाखोड होण्याची भीती ते शब्दांत सविस्तर, असा यात काही विचार असावा असे मला वाटते. आजही धनादेशावर रक्कम अक्षरी लिहावी लागतेच.

असे कागद छापताना संपादकाने काय करावे? वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, आणि पुढे बावीस खंडांपर्यंत ते काम गेले. त्या पिढीच्या संपादकांचे उपकार विसरता येणार नाहीत. त्यांनी चुलीत जाणारे कागद वाचविले. पण त्यांच्या मनातला वाचक त्यांच्यासारखाच होता. घरात मोडी, बाहेर बालबोध, कोणत्या ठिकाणी कोणता शब्द भरायचा हे आपोआप जाणणारा. आजचा वाचक तसा नाही. म्हणून अलीकडे दुसऱ्या टोकाची तऱ्हा दिसते. सामान्य वाचकांसाठी काढलेल्या संग्रहांतून आखूड रूपे गुपचूप उलगडून छापतात, जणू मूळ कागदावर तसेच होते. दोन्ही रीती मला अपुऱ्या वाटतात. पहिलीत कुलूप तसेच राहते. दुसरीत कुलूप काढून टाकलेले असते आणि किल्ली बरोबर होती की नाही हे तपासायची सोय राहत नाही. मा॥ चे ‘मशारनिल्हे’ संपादकाने केले की मूळ लेखकाने, हे वाचकाला कळलेच पाहिजे. मूळ खूण ठेवून तिच्याशेजारी कंसात विस्तार द्यावा. शंका असेल तेथे दोन्ही पर्याय द्यावेत. जागा थोडी अधिक जाईल, जाऊ द्यावी.

लेखननियमांनी याला निम्मी वाट करून दिलेली आहे. महामंडळाच्या, १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या आणि १९७२ मध्ये वाढविलेल्या नियमांत, वृत्तासाठी कवीला ऱ्हस्वदीर्घाची सूट आहे, आणि केशवसुतांपूर्वीचे पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळानुसार छापावे असेही सांगितले आहे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पण तो साहित्यापुरता. दस्तऐवज, खतावण्या, घरातली पत्रे यांना कोणी वाली नाही.

आणि अशा कागदांवर माणसांचे बरेच काही अवलंबून असते. भालकीकडच्या एका कुटुंबाचे असेच एक गहाणखत पाहण्यात आले. आमराईचा तुकडा पणजोबांनी दिला होता. चुलत घराण्याचे म्हणणे, तो कायमचा दिला. यांचे म्हणणे, तो गहाण होता. पुरावा म्हणून सगळ्यांच्या हाती होती ती बालबोध नक्कल, कोणा नकलनविसाने केव्हातरी उतरलेली. तिच्यात ‘सन १२८६ फ.’ असे होते आणि पुढे ‘ता. सन १२९५’. दोन्ही पक्षांनी ‘ता.’ म्हणजे तारीख असे धरले आणि दुसरे साल कसली तरी नोंद झाल्याचे असेल म्हणून सोडून दिले. मूळ मोडी कागद देवघराच्या फळीवरून निघाला तेव्हा त्यावर स्पष्ट होते: इ॥ सन १२८६ ता॥ सन १२९५. इस्तकबिल आणि तागाईत. पासून आणि पर्यंत. दहा फसली सालांचा करार, म्हणजे इसवी १८७६-७७ पासून पुढे दहा हंगाम. नकलनविसाने ‘इ॥’ निरर्थक समजून गाळले होते आणि ‘ता॥’चे दोन दंड खोडून एक टिंब दिले होते. तेवढ्या टिंबावर दोन घरांचे तीन पिढ्यांचे जाणे-येणे बंद होते. कागद उलगडल्यावर ती लगेच एकत्र आली असे मी म्हणणार नाही. आमराईत तोपर्यंत एकही आंबा उरला नव्हता. पण निदान कोणाच्या पणजोबाने कोणाला फसविले नव्हते, एवढे कळले.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमून मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे शोधताना कशी धावपळ झाली ते आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला शिरायचे नाही. पण जुन्या नोंदींचे वाचन ही इतिहासवेड्यांची करमणूक आहे, असे त्यानंतर कोणी म्हणू नये.

घरगुती पत्रांतले संक्षेप हे मोडीचेच वारस. दोन दंड गेले, त्यांच्या जागी टिंब आले. रा. रा., वे. शा. सं., ति. स्व., चि., कृ. सा. न. वि. वि., अ. उ. आ. ही जंत्री ज्यांनी वाढविली त्यांना त्यातली उतरंड पाठ होती. मुलाला आशीर्वाद, थोरल्याला साष्टांग नमस्कार, बरोबरीच्याला सप्रेम. पहिल्या दोन अक्षरांतच लिहिणारा आणि वाचणारा कुठे बसले आहेत ते कळे. ‘श्री १०८’ ही तर संक्षेपाची कमालच. एकशे आठ वेळा श्री लिहिण्याचे पुण्य एका आकड्यात!

या उतरंडीची एक बाजू मात्र मला खटकते आणि ती सांगितली पाहिजे. पुरुषाच्या नावाआधी ‘श्री.’ लागले की तो जन्मभर ‘श्री.’ राहतो. बाईच्या नावाआधीची अक्षरे नवऱ्याच्या प्रकृतीबरोबर बदलतात, ‘सौ.’ची एका दिवसात ‘गं. भा.’ होते. ‘गंगाभागीरथी’ हा शब्द पुरा लिहावा लागला असता तर लिहिणाऱ्याचा हात कदाचित थबकला असता, आपण काय लिहितो आहोत याचा विचार झाला असता. आखूड करून टाकल्यामुळे तो हातातून सहज सुटतो. लग्नपत्रिकांत ही दोन अक्षरे आजही छापली जातात, आणि ती वाचणाऱ्या आईला काय वाटते हे कोणी विचारत नाही. संक्षेपाने जागा वाचते तसा कधी कधी विचारही वाचतो, आणि ते बरे नव्हे.

नावांच्या बाबतीत आपल्या मुलखात आणखी एक गंमत आहे. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी आणि तेही एका अक्षरात. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांचे पी. व्ही. झाले आणि साऱ्या तेलंगणात ‘पीव्ही’ एवढ्यावर ओळखले जाऊ लागले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे तेच. आमच्या शाळेतली मराठी मुले आता आपले नावही याच रीतीने लिहितात. कुलकर्ण्यांचा ‘के’ पुढे, वडिलांचे अक्षर मागे. पुण्याचा नातेवाईक गोंधळतो. गोंधळू दे. इथल्या वाचकाच्या भरवशावर इथला मुलगा आपले नाव आखूड करतो आहे, यात मला काही वावगे दिसत नाही.

पोस्टकार्डांचा एक गठ्ठा घेऊन कोणीही बसावे, साहित्याचा अभ्यास म्हणून. कार्डावर जागा तळहाताएवढी. मायना दोन अक्षरी, कुशल एका ओळीत, शेवट ‘क. लो. अ. ही वि.’ असा. जे विधीचे ते सारे अक्षरांवर भागविलेले. अशुभ बातमीचे कार्ड असेल तर माथ्यावरचा ‘श्री’देखील नाही, आणि वाचणाऱ्याला तेवढ्यावरून पुढचे कळे. वाचविलेल्या जागेत मग खरा मजकूर येई, तोही बहुधा सही झाल्यानंतर, आडव्या मार्जिनमध्ये, ‘ता. क.’ म्हणून. तेथे मात्र कोणी शब्द तोडीत नसे. मुलीच्या स्थळाचे काय झाले, पैसे केव्हा पाठविणार, आईचा खोकला थांबला की नाही, हे सारे पुऱ्या शब्दांत, आणि जागा संपली तर पत्त्याच्या बाजूपर्यंत वळवून लिहिलेले.